बरोबर आणि पूर्ण

"आणखी काही?"

जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आमचे सीए मला हा प्रश्न विचारतात. तोवर फॉर्म १६ त्यांच्या टेबलावर गेलेला असतो, बँकेचं व्याजाचं पत्रक त्याला टाचलेलं असतं. डोक्यावर पंखा, समोर फायलींचे ढीग, बाहेर बाकावर आणखी चारजण ताटकळलेले. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत ते दोनच शब्द उच्चारतात आणि मी दर वर्षी एकच शब्द परत करतो, "नाही."

हे "नाही" खोटं आहे, असं मला कित्येक वर्षं वाटलंच नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांच्या ऑफिसातून निघालो. बसला गर्दी नव्हती, खिडकीशी जागा मिळाली. रिकामपणी मनातल्या मनात वर्षाचा हिशोब करत बसलो. दोन व्याख्यानं झाली होती. दोन्हीकडे शाल, श्रीफळ आणि पाकीट. पाकिटात पाचशेच्या तीन-तीन नोटा. एका दिवाळी अंकात लेख आला होता, त्याचे अडीच हजार फोनवर जमा झाले होते. दुसऱ्या एका विद्यापीठाची प्रश्नपत्रिका काढली होती, पेपर तपासले होते, त्याचे ४,२०० आले होते. एकूण ९,७००. यातलं काहीच मी सीएंना सांगितलं नव्हतं. लपवायचं असं काही ठरवलं नव्हतं. आठवलंच नव्हतं म्हणावं, तर तेही खरं नाही, कारण बसमध्ये पाच मिनिटांत सगळं आठवलं, तेही आकड्यांसकट.

मग ते "नाही" कुठून आलं? मला वाटतं, ते एका शब्दाच्या आडून आलं. किरकोळ.

हा शब्द फार सोयीचा आहे. दुकानात घाऊक आणि किरकोळ विक्री असते, तशी आपण मिळकतीचीही वर्गवारी करून टाकलेली असते. पगार घाऊक, बाकी सगळं किरकोळ. पगार मोजायचा, बाकीचं खर्चून टाकायचं. गंमत अशी की किरकोळ रजेच्या बाबतीत आपण असे उदार नसतो. वर्षभरात किती रजा झाल्या, अर्ध्या दिवसाची एखादी चुकून पूर्ण तर लागली नाही ना, हे आपण हजेरीपत्रकात बोट ठेवून तपासतो. किरकोळ रजा मोजून घ्यायची आणि किरकोळ कमाई न मोजता सोडायची, हे गणित इतकी वर्षं मला खटकलं नव्हतं.

शहरी नोकरदाराकडे या कमाईसाठी एखादा धड शब्दही नाही. 'वरकमाई' म्हटलं की टेबलाखालचा वास येतो. 'चिरीमिरी' तर त्याहून वाईट. शेतकरी 'जोडधंदा' म्हणतो. दोन म्हशी, थोड्या कोंबड्या, हंगामात मळणीयंत्र भाड्याने. "जोडधंदा काय?" हा प्रश्न गावात कुणालाही तोंडावर विचारता येतो आणि उत्तरही ताठ मानेने मिळतं. शहरात तोच प्रश्न विचारला तर माणूस इकडेतिकडे बघून म्हणतो, "काही नाही हो, असंच थोडंफार."

आमच्या लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या मंडळींनी या अडचणीतून एक सुंदर शब्द काढला आहे, मानधन. यातला मान आम्ही उघड मिरवतो. शाल पांघरलेला फोटो त्याच रात्री नातेवाइकांपर्यंत पोहोचतो. धन मात्र आतल्या खिशात जातं आणि तिथेच मुरतं.

त्या रात्री मी स्वतः आयकराच्या संकेतस्थळावर गेलो. तिथे वार्षिक माहिती विवरण नावाचा एक दस्तऐवज मिळतो. २०२१ च्या नोव्हेंबरपासून तो आलेला आहे. उतरवून घेतला की पासवर्ड मागतो. आपला पॅन छोट्या अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख. म्हणजे सरकारी ओळख आणि आईने दिलेली ओळख एकत्र केली की कुलूप उघडतं. आत माझं वर्ष मांडून ठेवलेलं होतं. पगार होता. बचत खात्याचं व्याज होतं, १,१४३ रुपये. कधीकाळी घेतलेल्या आणि घेतल्याचं विसरून गेलेल्या शेअरांचा लाभांश होता, ३६ रुपये. आधीच्या वर्षी जास्त कापलेला कर परत यायला उशीर झाला होता, त्यापोटी सरकारने दिलेलं व्याज होतं, ११२ रुपये. सरकारने आपल्याला दिलेलं हे व्याजसुद्धा आपलं उत्पन्न असतं आणि पुढच्या विवरणपत्रात ते सरकारलाच कळवावं लागतं.

प्रत्येक नोंदीपुढे 'ही माहिती बरोबर आहे का', असं विचारलेलं होतं. मी खाली खाली जात राहिलो. ३६ रुपये होते. पाकिटं नव्हती. दिवाळी अंक नव्हता. पेपर नव्हते.

कारण साधं आहे. व्यावसायिक शुल्क देणाऱ्याने कर कापून घ्यायचा आणि सरकारला कळवायचं, तर ते वर्षाला ठरावीक रकमेच्या वर गेल्यावर. ही मर्यादा पूर्वी ३०,००० होती, १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली. दीड हजाराच्या पाकिटामागे कुणी धावत नाही. यंत्राला माझे ३६ रुपये दिसतात, ९,७०० दिसत नाहीत. सुरुवातीला मला यात सुटका वाटली. नंतर लक्षात आलं की अख्ख्या विवरणपत्रात खरोखर माझ्यावर सोपवलेली एवढीच एक ओळ होती. बाकी सगळं त्यांना ठाऊकच होतं. मी काही लपवू शकलो असतो आणि काही सांगू शकलो असतो, ते फक्त इथे.

त्या ओळीचं नाव आहे, 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न'. कायद्याने उत्पन्नाचे पाच कप्पे केले आहेत. पगार, घरभाडं, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा आणि ज्याला कुठेच जागा नाही त्याच्यासाठी हा पाचवा. अधूनमधून मिळालेलं मानधन इथे बसतं. तेच काम नेमाने, ठरवून करू लागलो, म्हणजे रोज संध्याकाळी शिकवण्या घेतल्या, तर ते तिसऱ्या कप्प्यात सरकतं. इथेही नुसतं द्यायचंच असतं असं नाही. ती मिळकत मिळवण्यासाठीच जो खर्च झाला, तो वजा करता येतो. व्याख्यानाला एसटीने गेलो त्याचे जाऊन-येऊन ३२० रुपये झाले होते. ९,७०० मधून ते गेले, उरले ९,३८०. माझ्या टप्प्याला १५ टक्के, वर ४ टक्के उपकर. कर झाला १,४६३ रुपये, म्हणजे जेमतेम एक पाकीट.

एका पाकिटासाठी मी इतकी वर्षं "नाही" म्हणत होतो.

कर किती, हा प्रश्न खरं तर इथे गौणच आहे. ज्यांना एक रुपयाही भरावा लागणार नाही, तेसुद्धा सांगत नाहीत. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे आठ लाख पगार असलेल्या माणसाने शिकवणीचे साठ हजार दाखवले, तरी खिशातून काही जात नाही. तरीही तो दाखवत नाही. लपवण्यात फायदा नसतानाही लपवणं, याला सवय म्हणतात.

या सवयीला इतिहास आहे. १८५७ च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी १८६० साली जेम्स विल्सन यांनी हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. दोनशे ते पाचशे रुपये वार्षिक मिळकतीवर दोन टक्के, त्यापुढे चार. ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारले, कर मात्र राहिला. परक्या सरकारला आपली कमाई खरी खरी कशाला सांगायची, ही भावना तेव्हा रास्तच होती. पुढे सरकार आपलं झालं, तर दर असे चढले की खरं बोलणं परवडेना. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना, अधिभार धरून सर्वांत वरचा दर ९७.७५ टक्के होता. त्या वरच्या टप्प्यातल्या माणसाने रुपया कमावला, तर हाती सव्वादोन पैसे राहायचे. इतके चढे दरच चोरीला खतपाणी घालतात, असं तेव्हाच्या वांच्छू समितीने १९७१ च्या अहवालात सांगितलं आणि पुढे दर उतरले. पण तोवर दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडलं होतं की शहाणा माणूस सगळं सांगत नाही. सव्वादोन पैशांचं दुखणं होतं लखपतीचं. औषध मात्र आपण सगळ्यांनीच घेतलं आणि दुखणं बरं झाल्यावरही ते चालू ठेवलं.

जुनी माणसं अजून सांगतात, "अरे, अवचित मिळालेल्या पाच हजारांपर्यंत माफ असतं." होतं तसं कलम. अवचित आणि पुन्हा पुन्हा न येणाऱ्या मिळकतीला ५,००० रुपयांपर्यंत सूट होती. ती २००२ च्या वित्त कायद्याने गेली. पण तेव्हाही ती कामाच्या मोबदल्याला नव्हतीच. राबून मिळवलेल्या पैशाला कायद्याने कधी अवचित म्हटलं नाही. तसं म्हणतो ते आपण.

"रस्त्यातले खड्डे बघा आणि मग मला कर शिकवा," हा युक्तिवाद मीही चहाच्या टपरीवर केलेला आहे. कोट्यवधी बुडवणारे मोकळे फिरतात, हेही बोललेलो आहे. त्यात खोटं काही नाही. फक्त त्याचा माझ्या पाकिटाशी संबंध नाही. खड्डा बुजला असता तर मी पाकीट दाखवलं असतं का? मला शंका आहे.

विवरणपत्राच्या शेवटी एक प्रतिज्ञा असते. आता ती कुणी वाचत नाही. आधारशी जोडलेल्या फोनवर सहा आकडे येतात, ते टाकले की झालं. त्या रात्री मी ती पहिल्यांदा नीट वाचली. मी अमुक, अमुक यांचा मुलगा, गांभीर्याने जाहीर करतो की माझ्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे या विवरणपत्रातली माहिती बरोबर आणि पूर्ण आहे.

बरोबर आणि पूर्ण. दोन शब्द का लागले असतील?

माझं विवरणपत्र बरोबर होतं. एकही आकडा चुकीचा नव्हता. ३६ रुपयांचा लाभांशसुद्धा होता. ते फक्त पूर्ण नव्हतं. आपण मध्यमवर्गीय माणसं चुकीचं सहसा लिहीत नाही, आपल्याला भीती वाटते. आपण अपुरं लिहितो. कुरुक्षेत्रावर धर्मराज चुकीचं कुठे बोलले होते? अश्वत्थामा मेला होताच. फक्त तो हत्ती होता, हे मोठ्याने सांगायचं राहिलं. वाक्य बरोबर होतं, पूर्ण ऐकू गेलं नाही आणि जमिनीवरून चार अंगुळं अधांतरी चालणारा त्यांचा रथ मातीला टेकला. आपले रथ आधीपासून मातीवरच असल्यामुळे आपल्याला टेकल्याचा धक्का जाणवत नाही, एवढंच.

हे सगळं इथवर नीतीचं झालं. पण माझ्या धाकट्या वहिनीच्या बाबतीत जे घडलं, त्याने मला याची दुसरी बाजू दिसली.

वहिनीच्या हाताला चव आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वी सोसायटीतल्या दोघीतिघींनी चकलीची भाजणी मागितली, तिथून सुरू झालं. आता दसऱ्यापासून तिच्या घरात पाऊल ठेवलं की धणे-जिऱ्याच्या खमंग वासाने नाक भरतं. डाळी वेगवेगळ्या भाजायच्या, तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, गिरणीवाल्याकडे स्वतः उभं राहून दळून घ्यायचं. दोन सोऱ्यांवर रात्री एक-एकपर्यंत चकल्या. उरलेलं वर्षभर पुरणपोळ्या, श्रावणात मोदक. आणि कुणी विचारलं की काय करता, तर ती म्हणणार, "काही नाही, घरीच असते."

दोन वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावरचा छोटा गाळा भाड्याने मिळत होता. भट्टी, मोठा फ्रीज, दोन बायका मदतीला, असा तिचा बेत होता. कर्जासाठी बँकेत गेली, सोबत माझा भाऊ. अधिकारी सौम्यपणे बोलले. मागच्या तीन वर्षांचे रिटर्न आहेत का, एवढंच त्यांनी विचारलं. भावाने चटकन सांगितलं, "नाही हो, ती घरातल्या घरात करते थोडंफार."

वहिनी काही बोलली नाही. पिशवीतून तिने एक शाळेची शंभर पानी वही काढली. पाठीमागच्या पानांपासून लिहीत आणलेली. नाव, किलो, तारीख, पैसे आले त्याची फुली. वर्षा-वर्षाची बेरीज पेन्सिलीने. त्या आधीच्या वर्षीची होती २,८६,०००. अधिकाऱ्यांनी वही चाळली, कौतुक केलं आणि परत दिली. कौतुकावर कर्ज मिळत नाही.

तिचं उत्पन्न कराच्या मर्यादेच्या कितीतरी खाली होतं. कायद्याने तिने विवरणपत्र भरायलाच हवं होतं असं नाही. पण भरता आलं असतं. छोट्या धंद्याला जमाखर्चाची पुस्तकंही लागत नाहीत. उलाढालीच्या ८ टक्के, पैसे ऑनलाइन आले असतील तर ६ टक्के किंवा त्याहून जास्त नफा धरून 'सुगम' नावाचं विवरणपत्र भरता येतं. कर शून्य आला असता. पण कागदावर तीन वर्षं एक बाई व्यवसाय करताना दिसली असती. तिच्या रात्रींचा पुरावा त्या वहीखेरीज कुठेच नव्हता.

मला त्यानंतर एका वकील मित्राने सांगितलेलं आठवलं. रस्त्यावरच्या अपघातात माणूस गेला की भरपाई ठरवताना न्यायाधिकरण विचारतं, तो कमवत किती होता? घरचे सांगतात, पगाराशिवाय तो संध्याकाळी मोटारी दुरुस्त करायचा, चांगले पैसे मिळायचे. पुरावा? आयकराचं विवरणपत्र हा तिथे भक्कम पुरावा मानला जातो. त्यात जे लिहिलेलं नसेल ते सिद्ध करताना घरच्यांची दमछाक होते. म्हणजे ज्या कमाईला आपण जिवंतपणी किरकोळ म्हणालो, ती मेल्यावर घरच्यांना ठळक करून दाखवता येत नाही.

लपवलेली कमाई सरकारपासून लपते हे खरं. पण ती बँकेपासून लपते, न्यायालयापासून लपते आणि हळूहळू आपल्यापासूनही लपते. वहिनी "घरीच असते" म्हणते, ते तिला खोटं वाटत नाही. मी "नाही" म्हणायचो, तेही मला खोटं वाटायचं नाही.

अण्णांना हे कळलेलं होतं, ते मला फार उशिरा उमगलं. अण्णा म्हणजे माझे वडील, हायस्कुलात शिक्षक. एप्रिलमध्ये घरी दहावीच्या पेपरांचे गठ्ठे यायचे. पलंगाच्या उशापाशी ते रचून ठेवलेले असत आणि त्या खोलीत आम्हा पोरांना मज्जाव असे. पहाटे चारला उठून अण्णा लाल शाईचं पेन घेऊन बसत. प्रत्येक पेपरची बेरीज दोनदा, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग गठ्ठा नियामकांकडे. याचं मानधन पेपरामागे मोजक्या पैशांत आणि तेही पावसाळा सरता सरता यायचं. छोट्या डायरीत ते लिहून ठेवत, 'बोर्ड' आणि पुढे रक्कम.

पाचव्या वेतन आयोगानंतर अण्णा पहिल्यांदाच कराच्या मर्यादेत आले. तेव्हा 'सरळ' नावाचा एका पानाचा फॉर्म होता. माझं अक्षर बरं म्हणून तो भरायचं काम माझ्याकडे. पगाराचा आकडा लिहून मी फॉर्म पुढे सरकवला, सही करा म्हणालो. अण्णांनी डायरी उघडली आणि म्हणाले, "बोर्डाचे राहिले."

मी म्हणालो, "अण्णा, ते कसले लिहायचे? किरकोळ आहेत."

अण्णा रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "महिनाभर पहाटे उठलोय मी त्याच्यासाठी. लिहिलं नाहीस, तर उठलो नाही असं होईल."

मला तेव्हा तो म्हातारपणचा हेका वाटला होता. आज प्रतिज्ञेत जिथे 'यांचा मुलगा' येतं, तिथे त्यांचं नाव येतं. इतकी वर्षं मी ते न वाचता पुढे गेलो, आणि त्याच नावाखाली अपुरं लिहीत आलो.

गेल्या वर्षीच्या त्या ९,७०० चंही बघायला हवं होतं. यंदा सीएंना फोन केला. ते म्हणाले, अद्ययावत विवरणपत्र भरता येतं, चार वर्षांपर्यंत मागे जाता येतं. पहिल्या वर्षात भरलं तर कर आणि व्याज यांच्या वर २५ टक्के जादा, उशीर होईल तसं वाढत ७० टक्क्यांपर्यंत. मग थोडं थांबून म्हणाले, "पण माझी फी तुमच्या कराहून जास्त होईल. बघा बुवा." मी म्हटलं, होऊ द्या. ते हसले. अशा कामाला माणूस येतो तेव्हा सीएसुद्धा गोंधळतात.

वहिनीनेही गेल्या वर्षीपासून विवरणपत्र भरायला घेतलं आहे. कर शून्य. गाळा अजून मिळालेला नाही. पण परवा कुणीतरी तिला विचारलं, काय करता, तेव्हा ती उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबली. "घरीच असते" म्हणाली नाही. काय म्हणावं हे अजून तिचं ठरत असावं.

या जुलैत मी पुन्हा त्या बाकावर बसलो. नंबर आला. फॉर्म १६ दिला, पत्रक दिलं. पंखा फिरत होता. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं.

"आणखी काही?"

मी खिशातून छोटी डायरी काढली. त्यांनी बाजूला ठेवलेलं पेन परत हातात घेतलं आणि म्हणाले, "हं, सांगा."